उन्हात घातलेला चहा

माझ्या वडिलांनी तीस वर्षं लोकांचे तराजू तपासले. सरकारी वजनमापे खात्यात ते इन्स्पेक्टर होते. कोणी किलोच्या वजनाचं बूड पोखरून त्यात लाख भरलेली, कोणी पारड्याखाली चिंच चिकटवलेली, असले सगळे नमुने त्यांनी पकडले होते. आई गेल्यावर ते पनवेलला माझ्याकडे राहायला आले तेव्हा कपड्यांची एक बॅग, पितळी वजनांची लाकडी पेटी आणि अख्ख्या जगाबद्दलचा संशय, एवढंच सामान घेऊन आले.

आणि मी त्यांचीच मुलगी. गॅसचं सिलिंडर आलं की मी ते हलवून बघायची. दुधात बोट बुडवून नखावर थेंब घ्यायची. मी शाळेत शिकवायची, तिथेही परीक्षेला माझ्या वर्गात पोरांना मान वळवायची चोरी. माझा नवरा तळोज्याच्या कारखान्यात कामाला. तो म्हणायचा, तुम्हां बापलेकींना पोलिसात घ्यायला हवं होतं. तो थट्टेनं म्हणायचा, पण आम्हां दोघांनाही त्यात आपलं कौतुकच वाटायचं.

आता मुद्द्याचं सांगते. अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि माझा धाकटा भाऊ यांच्यात सहा वर्षं अबोला होता. अण्णांनी त्याच्यासाठी सरकारी नोकरीचा फॉर्म आणून ठेवला होता आणि हा गेला बोटीवर, तेही स्वयंपाकघरात मदतनीस म्हणून. अण्णा म्हणाले, "भांडी घासायला समुद्रावर कशाला जायला हवं?" तो म्हणाला, "दुसऱ्यांचे काटे तपासत आयुष्य काढण्यापेक्षा ते बरं." झालं. त्या एका वाक्यावर दोघांची तोंडं बंद झाली ती झालीच.

वर्षातून एकदा तो सुट्टीवर यायचा. माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर तासभर बसायचा. अण्णा बाहेरच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून. मधे फक्त एक पडदा. "त्याला विचार, जेवून जाणार आहे का," असं अण्णा मोठ्यानं मला म्हणायचे आणि "सांग त्यांना, जेवून आलोय," असं तो मोठ्यानं मला म्हणायचा. मी मधे उभी राहून कोणाचा निरोप कोणाला देणार? दोघांनाही स्वच्छ ऐकू यायचं. माझा जीव नुसता तळतळायचा. अण्णांचं वय होत चाललं होतं, हा समुद्रावर. एखाद दिवस हे असंच राहून जाईल, ही धास्ती माझ्या मनातून कधी हलली नाही.

नव्वद सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. शेवा बंदर सुरू झालं होतं आणि बोटीवरून काय काय उतरतं याच्या रोज नव्या वावड्या उठायच्या. अशात एका सुट्टीत भावानं पिशवीतून एक गोल ढेप काढली आणि ओट्यावर ठेवली. पातळ कागदात गुंडाळलेली, कागदावर चिनी अक्षरं. आत काळीकुट्ट, दाबून बसवलेली चकती.

"चहा आहे," तो म्हणाला. "हाँगकाँगला घेतला. जुना आहे, नऊ-दहा वर्षांचा."

माझ्या मनात पाल चुकचुकली. दहा वर्षांचा चहा? आमच्याकडे सहा महिन्यांचा चहा वाण्याच्या तोंडावर फेकून येतात. "दहा वर्षं कोणी विकत घेतला नाही म्हणून तुझ्या गळ्यात मारला," मी म्हटलं. तो हसला. म्हणाला, "ताई, हा मुरतो. लोणच्यासारखा. जितका जुना तितका भारी."

तो गेल्यावर मी कागद सोडला. भिजून वाळलेल्या पोत्यासारखा वास आला. आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई दारातच थबकली. तिचं माहेर गव्हाणचं, भाऊ करंज्याला मासेमारीच्या बोटीवर.

"ताई, यो काय हाय? गवरी हाय का?"

"चहा आहे म्हणे चीनचा."

"चाय नाय ओ ही," तिनं पदर नाकाला लावला. "माझा भाऊ सांगतो, बोटीवरून असला कायबाय येतं. आत दुसराच काय असंल. तुमी हात नका लावू."

झालं, ती गेल्यावर मी दाभण घेतलं आणि ढेप सात-आठ ठिकाणी टोचून पाहिली. सख्ख्या भावानं आणलेली वस्तू! आज लाज वाटते. तेव्हा वाटली नाही. उलट, आत नुसता पालाच निघाला म्हणून जरा हिरमोडच झाला.

मग त्याचा चहा केला. आलं, साखर, दूध, सगळं घालून खळखळून उकळला. ईऽऽ! रंग गटारासारखा आणि चव विचारूच नका. नवऱ्यानं एक घोट घेऊन कप खाली ठेवला आणि म्हणाला, "तुझ्या भावाचं माझ्याशी काही भांडण आहे का?"

पुढे भावानं फोनवर रीत सांगितली. शेजारच्या घरी फोन यायचा, खरखर इतकी की अर्धं ऐकू येई. दूध नाही, साखर नाही. चिमटीभर तुकडा मोडायचा, त्यावर उकळतं पाणी ओतायचं आणि ते पहिलं पाणी चक्क फेकून द्यायचं. मग त्याच पत्तीवर पुन्हा पाणी, मिनिटभर ठेवून गाळायचं. आणि तीच पत्ती पुन्हा, आणखी पुन्हा, चार-पाच वेळा. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "जेवणानंतर पोटाला बरा असतो हा," आणि जरा थांबून, "पोट कोणाचं बिघडतं ते तुला माहीत आहे."

अण्णांना दुपारी जेवल्यावर गॅसेसचा भयंकर त्रास व्हायचा. पण भावानं आणलेलं पाणीसुद्धा ते प्याले नसते. म्हणून मी थाप मारली. "बाजारातल्या वैद्यांनी काढा दिलाय," म्हणून फुलपात्र पुढे केलं.

"कुठल्या वैद्यांनी?"

"आहेत एक. तुम्ही ओळखत नाही."

"काय काय आहे त्यात?"

"बेहडा, बाळहिरडा, आणखी काय काय."

अण्णांनी फुलपात्र उजेडात धरलं. तीस वर्षांची सवय. हुंगलं. घोटभर तोंडात घेऊन गालातल्या गालात फिरवलं आणि गिळलं. "यात बेहडा नाही," ते म्हणाले. पण प्याले सगळं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता त्यांनी स्वतःच विचारलं, "तो काढा केलास का?" तिथून ते रोजचंच झालं. मी ओतायची आणि ते तपासायचे. गाळलेल्या पहिल्या पाण्याला म्हणायचे, "बंद गोदामाचा वास आहे." दुसऱ्याला, "आता बरा. जुनं सागवानी कपाट उघडल्यासारखा." तिसरं पाणी त्यांचं लाडकं. ते प्यायल्यावर जीभ टाळूला लावून गप्प बसायचे. मग म्हणायचे, "मागाहून गोडी येते बघ. खारीक चघळल्यासारखी." मी चोरून प्यायले तेव्हा मला खरंच ती गोडी लागली. आधी जिभेवर काहीच नाही, आणि गिळल्यावर हळूच घशातून वर येणारी. साखरेचा कण नसताना! मी दोनदा भांडं तपासलं, कोणी साखर टाकली की काय म्हणून.

पाणी कमी उकळलं तरी त्यांना कळायचं. तुकडा ढेपेच्या कडेचा की मधला, तेही कळायचं. एकदा मी मसाल्याच्या फळीवर ढेप ठेवली तर पहिल्याच घोटाला म्हणाले, "याला हिंगाचा वास लागलाय. जागा बदल." तेव्हा मला पहिल्यांदा संशय आला, की अण्णांना सगळं माहीत आहे. काढ्याची इतकी बारकाई कोण बघतं? एकदा तो चिनी कागद मला त्यांच्या उशाशी सापडला, नीट सपाट करून ठेवलेला. "हा काय?" म्हटलं, तर म्हणाले, "कचऱ्यात होता. कागद चांगला आहे." आणि ढेप संपत आली तेव्हा, "वैद्य बरेच दिवस गावाला गेलेत वाटतं."

मी तोंडाकडे बघत राहिले. चेहऱ्यावर रेघ हलेल तर शपथ.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत भाऊ आला तो सुट्टीवर नव्हे, बोट बंदराला लागली म्हणून, घाईतच, खाली टॅक्सी थांबवून. या वेळी ढेप नव्हती, वीट होती. चहाचीच वीट, जाड कागदात. "हा वेगळा आहे," तो म्हणाला. "इतक्यात उघडू नकोस. कसा ठेवायचा ते पत्रात सविस्तर लिहितो." बाहेरच्या खोलीतून जाताना त्यानं पेपराकडे एकदा पाहिलं. पेपर हलला नाही.

मी पत्राची वाट बघत राहिले. आमच्या इमारतीत जिन्याखाली पत्रांच्या पेट्या होत्या आणि आमच्या पेटीची किल्ली अण्णांच्या जानव्याला. पोस्टमनवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून ते काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. "अण्णा, पेटी बघितलीत?" "बघितली. लाइटचं बिल आहे." मार्च गेला, एप्रिल गेला. मला आधी भावाचा राग आला, आळशी मेला. मग पोस्टमनचा. परदेशी तिकिटासाठी पत्रं ढापतात म्हणून ऐकलं होतं. यंदा दिवाळीला त्याला पोस्त द्यायची नाही, असं मी मे महिन्यातच ठरवून टाकलं.

मेमध्ये जुनी ढेप संपली, म्हणून मी वीट उघडली. तुकडा मोडला आणि किंचाळलेच. आत सगळीकडे पिवळे ठिपके. मोहरीहून बारीक, दाट पसरलेले.

"बुरा आलाय, ताई," बाई म्हणाली. "टाकून द्या."

टाकवेना. पण बुरा आलेल्या वस्तूचं काय करायचं हे मला कोणी शिकवायला नको होतं. त्याच आठवड्यात गच्चीवर माझं वाळवण चाललं होतं. कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, आमसुलं. वर्षाच्या डाळी, चिंच, सगळ्याला आम्ही ऊन दाखवतो. तेव्हा मी विटेचे आठ तुकडे केले, जुन्या टूथब्रशनं एकेक पिवळा ठिपका घासून काढला आणि पापड्यांच्या शेजारी जुन्या साडीवर मांडले. तीन दिवस कडकडीत ऊन दिलं. तुकडे असे खडखडीत वाळले की मला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली.

राखणीला दरवर्षीप्रमाणे अण्णा होते. पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून, हातात कावळ्यांसाठी काठी. मी संध्याकाळी वर गेले की म्हणायचे, "दोनदा उलटले सगळे." पापड्याही आणि ते तुकडेही. त्यांचं काम चोख असायचं.

चौथ्या दिवशी तीन वाजता मी फुलपात्र पुढे केलं. अण्णांनी घोट घेतला आणि ते खाली ठेवलं.

"काय झालं?"

"मेला आहे हा."

"म्हणजे?"

"चव नाही. नुसतं वाळलेलं गवत. काय केलंस?"

मी पुन्हा केला. जास्त पत्ती, जास्त उकळी. त्यांनी हुंगून परत दिला. त्यानंतर त्यांनी तो घेतलाच नाही. दुपारी पोट धरून येरझाऱ्या घालायचे, करपट ढेकर द्यायचे, आणि मी काही बोलायला गेले की अंगावर यायचे. आठ दिवसांनी मीच वैतागले. "एवढं काय त्या काढ्याचं! दुसरा आणते वैद्यांकडून."

"वैद्यांना कशाला त्रास," अण्णा पेपरामागून म्हणाले. "ज्यानं आणला त्याला विचार."

माझा संशय खरा निघाला. म्हणजे यांना पहिल्यापासून ठाऊक! वर्षभर हे त्यानं आणलेला चहा पीत होते, रोज, तीनच्या ठोक्याला. जगात त्या दोघांत उरलेला तेवढाच एक धागा होता आणि मी तो टूथब्रशनं घासून तोडला होता. रात्री नवऱ्याला सांगताना मला रडूच आलं.

सुट्टीवर भाऊ त्या वर्षी लवकर आला, गणपतीच्या आधी. नेहमीच्या स्टुलावर बसला. मी घाबरत घाबरत त्याच्यापुढे तोच चहा ठेवला; म्हटलं, बघू काही कळतंय का. त्यानं एक घोट घेतला आणि कप ओट्यावर आदळला.

"ताई! काय केलंस तू याचं?"

मी तोंड उघडायच्या आत बाहेरून आवाज आला. "उन्हात घातला! तीन दिवस!"

पडदा बाजूला झाला आणि अण्णा स्वयंपाकघरात आले, पेपरची घडी हातात तशीच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ त्याला म्हणाले, "दात घासायच्या ब्रशनं घासला हिनं. त्यातली सगळी फुलं काढून टाकली. आता काय राहणार त्यात?"

सहा वर्षांनी. त्याच्याशी. तोंडावर.

भाऊ स्टुलावरून उठून उभा राहिला होता. "अहो, ती... ती मुद्दाम वाढवतात अण्णा. तीच तर याची खरी चव. मी पत्रात सगळं लिहिलं होतं हिला!"

"कुठलं पत्र?" मी ओरडले. "मला काही पत्रबित्र आलं नाही!"

"पोस्टाचं काही खरं नाही हल्ली," अण्णा म्हणाले आणि खाली पाट ओढून बसले. "तूही बस. उभा का? आधीचा चांगला होता, तो गोल. हिंगापाशी ठेवला होता हिनं तोही."

"हिंगापाशी?" भावानं कपाळावर हात मारला.

"मग! मी सांगितलं म्हणून हलवला. आणि पाणी कधी धड उकळत नाही."

"ताई, तुला काही सांगायची सोय नाही बघ!"

"वर म्हणते काढा आहे. बेहडा आहे म्हणे."

अर्धा तास दोघांनी मिळून माझा उद्धार केला. एकानं सोडायचं आणि दुसऱ्यानं उचलायचं. आणि मी ओट्याला टेकून तोंडावर पदर धरून उभी. त्यांना वाटलं मला वाईट वाटलंय. वाटू दे. मी हसत होते की रडत होते ते माझं मलाही सांगता आलं नसतं. मग दोघांनी तो मेलेला चहा प्यायला, नावं ठेवत, चारही पाणी. भाऊ त्या दिवशी जेवून गेला. तोंडली-भात होता.

दिवाळीच्या साफसफाईत मी अण्णांची पितळी वजनांची पेटी पुसायला घेतली. ते तळ्यावर फिरायला गेले होते. वजनं काढली, खालची मखमल उचलली, तर तिच्याखाली निळं एरोग्राम. माझ्या नावचं. तिन्ही कडा ब्लेडनं अशा अलगद कापलेल्या की कागदाचं एक तूस निघालं नव्हतं. वर शिक्का मार्चचा.

मी तिथेच फरशीवर बसले. भावाचंच अक्षर. 'विटेच्या आत पिवळी फुलं दिसतील, घाबरू नकोस, बुरशी समजून फेकू नकोस. अंधारात, हवेशीर ठेव. तुझी उन्हाची खोड मला माहीत आहे म्हणून मुद्दाम लिहितो, ऊन अजिबात दाखवू नकोस, मरेल तो.' आणि खाली, कोपऱ्यात दाटीवाटीनं, 'अण्णा पितात का गं अजून? मी विचारलं म्हणून त्यांना सांगू नकोस.'

घड्यांवर कागद झिरझिरीत झाला होता. एकदोनदा उघडून तसा होत नाही.

मार्चमध्ये पत्र आलं. मेमध्ये मी ते तुकडे उन्हात मांडले. आणि समोर तीन दिवस हा माणूस काठी घेऊन बसला होता. दोनदा उलटले म्हणून मला सांगत होता. भाऊ आला त्या दिवशी हेच आधी 'फुलं' म्हणाले होते, ते मी कानाआड केलं होतं. मी, जिला दुधाच्या थेंबाचा संशय यायचा!

आधी संताप आला. मला फसवलं, बिचाऱ्या पोस्टमनला चोर ठरवलं. मग ती खालची ओळ पुन्हा वाचली आणि संताप कुठे गेला कोण जाणे. सहा वर्षं गप्प बसलेल्या माणसाला आपणहून 'कसा आहेस' म्हणता येत नव्हतं. तक्रार मात्र करता येत होती, ती तर त्यांनी जन्मभर केली. फक्त तक्रार करायला काहीतरी बिघडायला हवं होतं. हा माझा आपला संशय. पुरावा एवढाच, आणि तो मी घडीवर घडी बसवून, मखमलीखाली होता तसाच ठेवून दिला. वर वजनं लावली, मोठ्यापासून लहानापर्यंत.

पोस्टमनला त्या दिवाळीत दुप्पट पोस्त दिली. तो माझ्याकडे संशयानं बघत राहिला.

पेटी पुसली त्या दिवशीच तीन वाजता अण्णांना चहा दिला, भावानं धाडलेल्या नव्या ढेपेचा. त्यांनी उजेडात धरला, हुंगला, घोट फिरवला. मी समोरून हलले नाही.

"काय बघतेस?" ते म्हणाले.

"काही नाही. चव बरोबर आहे ना?"

"आहे." मग फुलपात्रात बघत, "त्याला लिहिशील तेव्हा लिही, अण्णा पितात अजून."